पहाटेचं पीठ

माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात. असेल. बेकरीच्या गल्ल्यावर बसून दिवसभर "पाव आजचाच आहे ना?" हा एकच प्रश्न ऐकून दाखवा, मग बोलू. आजचाच आहे हो. दुकानावर तशी पाटीच आहे, हातभर अक्षरांत: "पहाटे मळलेला, सकाळी भाजलेला." पाटी अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी लावली. अण्णा गेले, पाटी राहिली. तिच्यापायी माझा थोरला भाऊ, दादा, वर्षानुवर्षं कोंबडं आरवायच्या आधी उठत राहिला.

दादा बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. अण्णांनी सांगितलेलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पीठ पहाटेच मळायचं, हातानंच मळायचं आणि काथवटीतच मळायचं. काथवट म्हणजे आमची पीठ मळायची लाकडी कुंडी. ती एवढी मोठी आहे की लपाछपीत आम्ही दोघं भावंडं तिच्यात मावायचो. ती आत ठेवूनच पुढची भिंत बांधलेली. मळायचं यंत्र आणू या म्हणून मी किती डोकं फोडलं, पण यंत्र आत न्यायचं तर काथवट फोडायला हवी, आणि काथवटीच्या आधी दादाला फोडावं लागलं असतं.

मग दादाचा खांदा धरला. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलं आणि दादानं मान हलवून दुसऱ्याच दिवशी पिठाचं पोतं उचललं. माणसं ठेवून पाहिली. ती आठवडाभर टिकायची, एक पहाटेला उठायला कंटाळून जायचं, दुसरं दादाच्या न बोलण्याला. वहिनी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला, ती पहिल्या बसनं जाते. आणि मी मळलं की पिठाच्या विटा होतात, हे घरात सर्वमान्य आहे. उरली भिंगरी.

भिंगरी म्हणजे दादाची मुलगी. लहानपणी एका जागी म्हणून बसायची नाही, त्यामुळे हे नाव. हाडापेरानं मजबूत, बापासारखीच. "बाबा, मी मळते, तुम्ही गोळे तोडा," असं म्हणून ती एका पहाटे काथवटीपाशी उभी राहिली ती राहिलीच. दादाला केवढा अभिमान. पोरीचा हात अण्णांवर गेलाय, असं तो दिसेल त्याला सांगायचा. त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि मग नववीच्या मध्यात एक दिवस भिंगरी घरी आली, दप्तर पिठाच्या पोत्यांमागच्या खिळ्याला अडकवलं आणि म्हणाली, "मला शाळा आवडत नाही. मी नाही जाणार."

वहिनी रडली. मी भांडले. समजावलं, धमकावलं, लाडीगोडी लावली, पण पालथ्या घड्यावर पाणी. दादा तेवढा शांत होता. "नसेल डोक्यात शिरत," तो म्हणाला. "माझ्याही नव्हतं शिरत. मी पण नववीतच सोडली. ढ माणसाला शाळेत छळू नये."

ढ हा दादाचा स्वतःबद्दलचा शब्द. चपलेचं माप सांगावं तसा सांगतो. कुठलाही कागद आला की माझ्याकडे सरकवतो, "तू बघ, मी ढ." शाळेचं फाटक दिसलं तरी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जाणारा माणूस तो. पालकांच्या सभेला तो कधी गेला नाही. वहिनी कामावर, मी गल्ल्यावर. शाळेतून बोलावणी यायची म्हणे, ती भिंगरी वाटेतच गिळून टाकायची.

दीड वर्ष गेलं. भिंगरीच्या वर्गातल्या मुली समोरून आल्या की ती पोत्यांच्या खोलीत पळायची. शाळा सुटल्याची घंटा झाली की हिला आत काहीतरी काम निघायचंच. मध्यंतरी चौकातल्या मोठ्या केकच्या दुकानात शिकाऊ कारागीर हवेत म्हणून कळलं. भिंगरीचा हात क्रीमवर असा फिरतो की गुलाब खोटा आहे हे माशीलाही कळू नये. खोकाभर गुलाब करून घेऊन गेली. त्यांनी गुलाब पाहिले, वा वा केलं आणि विचारलं, "दहावी झालीये ना?" खोका घेऊन परत आली. भट्टीमागे बसून ते सगळे गुलाब तिनं एकटीनं खाल्ले, आणि मी पाहिलं ते न पाहिल्यासारखं केलं.

आता मुद्द्याचं. उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती. एक उंच, चष्मेवाली मुलगी पाव घ्यायला आली. पाव घेतला, सुटे पैसे घेतले, तरी जाईना. मग हळूच म्हणाली, "आमचा कुंभकर्ण आहे का आत?"

"कोण कुंभकर्ण?"

"सॉरी हं. तुमची भिंगरी. आम्ही एका बाकावर बसायचो. ती वर्गात झोपायची ना, म्हणून सगळे... मी नाही म्हणायचे. मी तिला कोपरानं उठवायचे."

मी गल्ला तसाच सोडला आणि आत गेले. भिंगरी ट्रे पुसत होती.

"तू वर्गात झोपायचीस?"

तिचा हात थांबला. आधी नाही म्हणाली, मग तोंड फिरवून सांगायला लागली. बसून झोप यायची म्हणून उभी राहायची, मग उभ्या उभ्या डुलकी लागायची. गणिताच्या सरांनी एकदा सगळ्यांना गप्प करून तिचं घोरणं ऐकवलं. मुलं हसली. ती पण हसली. दुसऱ्या दिवशी बाकावर कुणीतरी उशी आणून ठेवली होती. "त्या उशीनंतर मी गेले नाही आत्या. मला सगळं यायचं गं. फक्त तेव्हा जाग नसायची."

"आणि हे घरी बोलायला काय तोंडाला कुलूप होतं?"

"बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला पहाटे उठवलं नसतं. खांद्याचं वाटोळं करून एकटेच मळत बसले असते. तुला शपथ आहे आत्या, त्यांना सांगायचं नाही."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तिला माहीत होतं, म्हणून शपथ घातली. मी घेतली. पण शाळेत जायचं नाही अशी शपथ तिनं घातली नव्हती. तशीच, पिठाच्या एप्रनसकट मी मोठ्या बाईंसमोर जाऊन बसले. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका. भांडायच्या तयारीनं गेले होते, पण बाई भांडेनात. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. वडिलांना किती वेळा बोलावलं, कुणी आलंच नाही. सोमवारी शाळा सुरू होतेय. नववीत एक जागा धरून ठेवते, पण सोमवारपर्यंतच. वडिलांना घेऊन या. आणि एक सांगू? झोप पुरी करून पाठवा. नाहीतर पुन्हा तेच होईल, आणि या वेळी ती कायमची जाईल."

भिंगरीला हे सांगितलं तेव्हा ती आपली ट्रे पुसत राहिली. रात्री पाणी प्यायला उठले तर खिळ्यावरचं दप्तर जागेवर नव्हतं.

शुक्रवारी मी दादाकडे विषय काढला. तो म्हणाला, "कशाला पुन्हा तिला तिथं बसवायचं? लहान मुलांत बसेल, नापास होईल, हसतील. मला माहितेय ते कसं असतं." मी म्हटलं, तिला डोकं आहे. तो म्हणाला, "माझी मुलगी आहे ती. आमचं डोकं हातात असतं." आणि वर, "ती गेली तर पहाटे मळणार कोण? तू?" इथे माझ्या विटा आड आल्या. खरं कारण शपथेत बांधलेलं. मी पावाचा ट्रे असा आपटला की दोन गिऱ्हाइकं न घेताच गेली.

शनिवारी पहाटे भिंगरीनं घोळ घातला. रात्रभर पुस्तक घेऊन बसली असणार, डोळे उघडे होते एवढंच. आमच्याकडे यीस्टचं माप मोठं, पितळी, आणि बिस्किटांच्या सोड्याचं माप छोटं, अंगठ्याएवढं. हिनं अख्ख्या काथवटीला त्या अंगठ्याएवढ्या मापानं यीस्ट घातलं. वर पाणी घेतलं ते थंड. हे आमच्या घरातल्या लहान पोरानंही केलं नसतं. तास गेला, दुसरा गेला, पीठ आपलं रुसलेल्या जावयासारखं बसलेलं. फुगायचं नाव नाही.

त्या दिवशी दुकानात पाव नव्हता. अण्णांनी पाटी लावल्यापासून असं घडलं नव्हतं. लोक आले, रिकामे ट्रे पाहिले आणि घरात कोणी गेलं की काय अशा आवाजात मला विचारायला लागले. मी म्हटलं, "सगळे ठणठणीत आहेत, पीठ आजारी आहे." दादानं भिंगरीला ओरडायला हवं होतं, पण तो ओरडला नाही, आणि तेच पोरीला जास्त लागलं. "फेकायचं नाही," एवढंच तो म्हणाला. "अन्न आहे. डब्यांत भरून केकच्या थंड कपाटात ठेवा. उद्या कडक टोस्ट करू."

रविवारी सकाळी मी खाली आले तर दोघं बापलेक थंड कपाटाच्या दारात उभे. डब्यांची झाकणं वर उचलली गेली होती. पीठ फुगून काठावरून वाकून बघत होतं. दादानं बोटानं दाबलं. खड्डा पडला आणि हळूहळू भरून आला. त्यानं एक गोळा ओढला, ताणला, उजेडासमोर धरला. मी त्याचं तोंड ओळखते. आवडलेली गोष्ट त्याला कबूल करायची नसली की तो नाक खाजवतो. त्यानं नाक खाजवलं.

पाव भाजला. साल अशी की हातात कुरकुर वाजावी, आत मऊ, आणि चव अशी की मी लोणी विसरले. पहिल्या गिऱ्हाइकानं दारातच तुकडा मोडला आणि मागे वळून अजून एक घेतला. काही नवीन केलंत का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "नाही, जुनंच आहे. कालचं."

भिंगरी हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाली, "बाबा, हे फार तिंबावंही लागलं नसतं. रात्रभरात आपणच जुळून आलंय. कमी यीस्ट घालून संध्याकाळी मळून थंडात ठेवलं तर?"

"नाही."

"पण बाबा..."

"बाहेर जाऊन पाटी वाच."

मग मात्र माझं डोकं सटकलं. "पाटी काय आकाशातून पडली? अण्णांच्या वेळी थंड कपाट नव्हतं. रात्रीचं पीठ आंबून जायचं, म्हणून ते पहाटे मळायचे. त्यांना काय पहाटेची हौस होती? कपाट असतं तर तुझ्या अण्णांनी दुपारी चहा पिता पिता मळलं असतं."

"आणि करायचंय कशासाठी?" दादा म्हणाला. "शाळेसाठी? जे डोक्यात शिरत नाही..."

"शिरतं." भिंगरी बोलली. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "माझ्या डोक्यात शिरतं बाबा. शिरायच्या वेळी मी झोपलेली असते. मी वर्गात झोपायचे. रोज. म्हणून सोडली शाळा."

शपथ तिनंच मोडली. मला एवढं हलकं वाटलं की मी स्टुलावर बसले.

दादानं मान हलवली, समजुतीनं. "मग तेच तर म्हणतोय मी. ढ मुलांना वर्गात झोप येतेच. मला पण यायची. मास्तर फळ्याकडे वळले की माझी मान पडलीच."

तो इतक्या सहज बोलला की माझं पुढचं भांडण तोंडातच राहिलं. एवढी वर्षं मी हे ऐकत आलेय आणि आज पहिल्यांदा ऐकलं.

"दादा," मी म्हटलं, "केव्हापासून यायची झोप? पहिलीपासून?"

"नाही. पहिलीत कशाला?" तो आठवायला लागला. बोटांवरचं पीठ खरवडत होता. "सातवीपासून असेल."

"सातवीत काय झालं होतं?"

"काय होणार? काही नाही. अण्णांनी काथवटीवर घेतलं."

बोलून झालं आणि त्याची बोटं थांबली.

मला ते सगळं डोळ्यांपुढे आलं. "मला पाढे कुणी शिकवले रे? एकोणतीसचा पाढा उलटा म्हणून दाखवायचास, आणि मी चुकले की वेणी ओढायचास. सहावीत बक्षिसाचा पेला कुणी आणला होता? वहिनी त्यात अजून चमचे ठेवते."

दादानं फळीवरच्या पेल्याकडे पाहिलं, चमच्यांनी भरलेल्या. मग माझ्याकडे नाही, पोरीकडे वळला. पन्नाशीचा माणूस, पण विचारलं ते लहान मुलानं विचारावं तसं.

"म्हणजे मी ढ नव्हतो?"

"नव्हता बाबा," भिंगरी म्हणाली. "तुम्हाला झोप आली होती."

दादा पोत्यावर बसला. खांदा धरून बसला, पण खांदा दुखत नव्हता. "सगळ्यांना सांगत फिरलो मी," तो म्हणाला. "लग्नाच्या वेळी तुझ्या आईलाही आधीच सांगून टाकलं होतं, की बाई, मी ढ आहे." भिंगरी त्याच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि दोघांच्या अंगावरचं पीठ एकमेकांना लागलं. मला रडू आलं. रडू आलं की मी भांडते. "भट्टीत पाव जळतायत," मी म्हटलं, "नंतर बसा काय ते गळ्यात गळे घालून." ते खरंच जळत होते.

त्या संध्याकाळी वहिनी कामावरून आली, तर आम्ही सगळे काथवटीभोवती. दादा पाणी ओततोय, भिंगरी अंगठ्याएवढं माप घेऊन उभी, मी नुसती सूचना देतेय. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला मला कोणी बोलावलं, असं वहिनीनं विचारलं. मग पदर खोचून तीही मळायला लागली. थोडंच मळायचं होतं. चार हातांत ते कधी झालं कळलंही नाही. डबे कपाटात गेले आणि भिंगरी दिवेलागणीला जेवून अंथरुणावर पडली, ती पडल्या पडल्या झोपली. किती वर्षांची झोप होती कोण जाणे.

सोमवारी पहाटे दादाला सवयीनं जाग आली. मी भट्टीसाठी उठले तर हा माणूस रिकाम्या काथवटीच्या काठावर हात मांडीवर ठेवून बसलेला. पहाट कशी दिसते हे त्यानं बसून कधी पाहिलंच नसेल. माझ्या हातून ट्रे वाजला, तर तोंडावर बोट ठेवून म्हणाला, "हळू. पोरगी झोपलीय."

शाळेच्या फाटकाशी त्याचे पाय अडखळले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, बगलेत कागदात गुंडाळलेला गरम पाव. मला वाटलं आता हा रस्ता ओलांडतो. पण भिंगरी पुढे झाली, आणि तिच्यामागून तोही गेला. मोठ्या बाईंनी कागद पुढे केला. दादानं तो माझ्याकडे सरकवला नाही. जवळ ओढला, ओळीखाली बोट धरलं आणि वाचायला लागला, सावकाश, एकेक शब्द. शेजारी उभा असलेला कारकून म्हणाला, "वाचायचं काही नाही हो त्यात, सही करा फक्त." मी कारकुनाकडे असं पाहिलं की तो खिडकी बंद करायला गेला. दादानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग सही केली. मग बाईंना विचारलं, "हिला कुणी कुंभकर्ण म्हटलं तर?" बाई म्हणाल्या, "माझ्याकडे पाठवा." दादा म्हणाला, "नको, माझ्याकडे पाठवा. मी त्याला पहाटे उठवतो."

बाहेर चष्मेवाली मैत्रीण उभी होती. तिची दहावी झाली होती, आता तिचं शाळेत काही काम नव्हतं. तरी थांबली होती. भिंगरीला वर्गापर्यंत सोडायला तीही आत गेली, दोघी काहीतरी बोलत. भिंगरी तिथल्या सगळ्या मुलांपेक्षा वीतभर उंच दिसत होती, आणि त्याची तिला लाजही वाटत होती. मान खाली घालूनच गेली. एका दिवसात सगळं होत नसतं.

दिवसभर दादाचं कामात लक्ष नव्हतं. दुपारी शिडी लावून त्यानं पाटीवरचा "पहाटे" हा शब्द चिकटपट्टीनं झाकला. खोटं लिहिलेलं त्याला चालत नाही. मग शाळेच्या घंटेची वाट बघत दारात उभा राहिला.

भिंगरी आली. दप्तर खिळ्याला न अडकवता गल्ल्यावर ठेवलं.

"झोप आली का?" दादानं विचारलं.

"आली."

त्याचं तोंड उतरलं.

"भूगोलाच्या तासाला," भिंगरी म्हणाली. "सगळ्या वर्गाला आली. बाईंना पण आली."

दादा हसायला लागला. खांदा हलेपर्यंत हसला, मग खांदा धरून हसला. हात धुतले, नीट पुसले आणि दप्तराकडे मान करून म्हणाला, "काढ बघू. काय चाललंय तुमचं भूगोलात?" स्टूल ओढून तिच्याशेजारी बसला आणि पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवलं.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. "पाव आजचाच आहे ना?"

"मळलाय काल, भाजलाय आज," मी म्हटलं. "आणि जरा हळू बोला. बेकरीवाले अभ्यासाला बसलेत."